‘अंगावर काढलं’ हे कुठल्या रकान्यात लिहायचं? गडचिरोली आणि गोव्याचे दोन पेपर

या वेळी दोन पेपर शेजारी शेजारी ठेवून वाचूया. पहिला जानेवारी १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेला, राणी बंग, अभय बंग आणि सहकाऱ्यांचा. गडचिरोली जिल्ह्यातल्या दोन गावांमधल्या बायकांच्या स्त्रीरोगांवरचा. दुसरा २००५ चा, ‘इंटरनॅशनल जर्नल ऑफ एपिडेमिऑलॉजी’मधला, विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी गोव्यात केलेल्या पाहणीवरचा. दोन्ही पेपर आपल्याकडच्या अभ्यासक्रमांत, पीएचडीच्या संदर्भयाद्यांत सारखे भेटतात. पण पहिल्यातला एक आकडा आणि दुसऱ्यातलं एक वाक्य, एवढंच बहुतेकांना माहीत असतं. ‘९२ टक्के’ हा आकडा, आणि ‘बायकांच्या तक्रारी मानसिक असतात’ हे वाक्य. आकडा अर्धवट आहे. वाक्य तर पेपरमध्ये तसं नाहीच.

हे आत्ताच का काढलं? कारण नर्सिंग, गृहविज्ञान, समाजकार्य, सार्वजनिक आरोग्य यांपैकी कुठल्याही विषयात संशोधनाची तयारी करणाऱ्यांनी पाठवलेल्या दहा सिनॉप्सिसपैकी दोन-तीन तरी ‘अमुक आजाराची लक्षणं ओळखण्याबाबत तमुक तालुक्यातील महिलांमधील जागरूकता’ या साच्याच्या असतात. विषय चांगला आहे, त्यात काही कमीपणा नाही. अडचण साच्यात आहे. लक्षणांची यादी पुस्तकातून घ्यायची, बाईला ‘हे माहीत आहे का’ विचारायचं, हो-नाहीचे टक्के काढायचे आणि शेवटी ‘जागरूकता कमी आढळली, जनजागृती करावी’ असं लिहायचं. हे लिहायला गावात जायची तरी काय गरज होती?

आधी शब्द सरळ करून घेऊ, कारण घोळ तिथूनच सुरू होतो. वैद्यकाच्या पुस्तकात दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रुग्णाला जे जाणवतं आणि जे तो सांगतो ते सिम्प्टम. तपासणाऱ्याला जे दिसतं, हाताला लागतं, मोजता येतं ते साइन. डोकं दुखतंय हे सिम्प्टम. बीपी १६०/१०० भरलं ही साइन. मराठीत पाठ्यपुस्तकं ‘लक्षण’ आणि ‘चिन्ह’ असे दोन शब्द देतात, पण बोलताना आपण दोन्हींना लक्षणच म्हणतो. त्यात गंमत अशी की मराठीतलं ‘लक्षण’ मुळात बघणाऱ्याच्या बाजूचं आहे. ‘पावसाची लक्षणं दिसतायत’, ‘या पोराची लक्षणं काही ठीक नाहीत’ असं आपण म्हणतो, तेव्हा पाऊस किंवा पोरगा काही सांगत नसतो, आपण बघून ठरवत असतो. स्वतःच्या शरीराविषयी जे माणूस स्वतः सांगतो त्याला आपल्याकडे साधा, चालता शब्द आहे: तक्रार. ‘पोटाची तक्रार आहे.’ तेव्हा या लेखात मी सिम्प्टमला तक्रार म्हणेन, साइनला खूण म्हणेन, आणि तपासून प्रयोगशाळेत ठरतं त्याला निदान. तुमच्या थिसिसमध्येही हे तीन रकाने वेगळे ठेवा असं माझं मत आहे; गाईड ‘लक्षण’ शब्दावर अडून बसले तर तळटीप टाका, पण रकाने एकत्र करू नका.

आता गडचिरोली. बंग दांपत्याने १९८६ मध्ये तिथे ‘सर्च’ सुरू केलं आणि त्यानंतर थोड्याच काळात ही पाहणी झाली. वसा आणि अमिर्झा ही दोन गावं. १३ वर्षांवरच्या ६५० मुली-बायका. नुसती प्रश्नावली नाही, तर मुलाखत, अंतर्गत तपासणी आणि प्रयोगशाळेतल्या चाचण्या, तिन्ही. तोवर ‘ग्रामीण बाईचं आरोग्य’ म्हणजे बाळंतपण आणि कुटुंबनियोजन असं सरकारी समीकरण होतं. दवाखान्यात आलेल्या बायकांवरून अंदाज बांधले जात. दवाखान्यात न येणाऱ्या बाईला कोणी तपासलंच नव्हतं. त्या ६५० जणींपैकी फक्त ८ टक्क्यांची त्याआधी कधी स्त्रीरोगाची तपासणी आणि उपचार झाले होते, हा आकडा मला ९२ पेक्षा जास्त बोलका वाटतो.

९२ टक्के म्हणजे, तपासणीत एक तरी स्त्रीरोग सापडलेल्या बायका. सरासरी एका बाईमागे ३.६ आजार. त्यातला निम्मा भार जननमार्गाच्या संसर्गांचा. आणि आता तो आकडा, जो संदर्भ देणारे गाळतात: स्त्रीरोगाची तक्रार ५५ टक्के बायकांनीच सांगितली. ४५ टक्के म्हणाल्या, मला काही त्रास नाही.

कागद घ्या आणि एक छोटं गणित करा. १०० बायका धरा. ५५ जणींची तक्रार, ९२ जणींचं निदान. तक्रार सांगणाऱ्या सगळ्याच्या सगळ्या ५५ जणींना आजार होता असं धरलं, तरी ९२ वजा ५५, म्हणजे किमान ३७ बायका आजारी असूनही ‘काही नाही’ म्हणाल्या. गप्प राहिलेल्या ४५ पैकी किमान ३७! पेपरमध्ये तक्ता नसला तरी दोन टक्केवाऱ्यांवरून किमान मर्यादा अशी काढता येते. ही सवय लावून घ्या, व्हायवाला उपयोगी पडते.

म्हणजे नुसती प्रश्नावली घेऊन गेलेल्या संशोधकाला तिथे निम्म्या गावाची तब्येत ठणठणीत दिसली असती. असं का व्हावं, याचं ठराविक उत्तर ‘लाज’ आणि ‘अज्ञान’. दोन्ही थोडी थोडी खरी आहेत. पण मराठीत या परिस्थितीला एक नेमका शब्दप्रयोग आहे आणि तो कुठल्याच प्रश्नावलीत मला सापडलेला नाही: दुखणं अंगावर काढणं. जी अंगावर काढते तिला दुखणं कळलेलं असतं. लक्षण ओळखण्यात ती कमी पडलेली नसते. तिने हिशोब केलेला असतो, की सांगून होणार काय? तालुक्याला जायचं तर दिवस मोडणार, मजुरी बुडणार, घरी कारण सांगावं लागणार, तिथे पुरुष डॉक्टर असणार. शिवाय सगळ्याच बायकांचं असं असतं, सासूचंही होतं, जावेचंही आहे. जे सगळ्यांना आहे त्याला आजार कोण म्हणेल? राणी बंग यांचं ‘कानोसा’ वाचलं तर या हिशोबाचे कितीतरी पदर दिसतात. ‘लॅन्सेट’च्या चार पानांत ते मावणं शक्यच नव्हतं.

हा प्रकार बायकांपुरता किंवा स्त्रीरोगांपुरता नाही, हे दाखवायला वाट थोडी वाकडी करून क्षयरोगाकडे जाऊ. २०१९ ते २०२१ या काळात देशभर राष्ट्रीय क्षयरोग सर्वेक्षण झालं. त्यात लोकांना खोकला-ताप वगैरे विचारलं आणि छातीचा एक्स-रेही काढला. एक्स-रे काढला नसता तर सापडलेल्या रुग्णांपैकी ४२.६ टक्के निसटले असते. आणि ज्यांना तक्रार होती त्यांच्यातले जवळपास ६४ टक्के लोक कुठेही दाखवायला गेलेले नव्हते. का गेला नाहीत, तर सर्वांत मोठं कारण, ६८ टक्के: लक्षणांकडे दुर्लक्ष केलं. इथे थांबा. ‘दुर्लक्ष केलं’ हा पर्याय कोणी लिहिला? प्रश्नावली करणाऱ्याने. दुर्लक्ष या शब्दात दोष सांगणाऱ्याच्या माथी जातो. अंगावर काढणाऱ्याने लक्ष दिलेलं असतं, म्हणून तर ते ‘काढणं’ आहे. एकाच वागण्याला तुम्ही कुठला शब्द लावता, त्यावर शिफारस बदलते. दुर्लक्ष असेल तर पोस्टर लावा. अंगावर काढत असतील तर बुडणारी मजुरी, दवाखान्याची वेळ आणि अंतर यांच्याकडे बघावं लागेल. पोस्टर स्वस्त पडतं हे वेगळं सांगायला नको.

परत गडचिरोलीकडे, कारण पेपर आवडला म्हणून त्याची उलटतपासणी टाळता येत नाही. तीन गोष्टी खटकतात.

पहिली, पात्र असलेल्या सगळ्याजणी तपासणीला आल्या नाहीत. अंतर्गत तपासणी आहे म्हटल्यावर ते साहजिकच. मग जिला त्रास आहे तीच आली असेल आणि त्यामुळे आकडा फुगला असेल, असा आक्षेप येतो. आक्षेप बरोबर आहे, पण अर्धाच. आलेल्यांपैकी ४५ टक्के बिनतक्रारीच्या होत्या. नुसत्या त्रास असलेल्याच आल्या असत्या तर हा आकडा एवढा मोठा आला नसता. दुसरी गोष्ट जास्त गंभीर: ‘आजार’ म्हणजे काय? यादीत पाळीच्या तक्रारी आहेत, संसर्ग आहेत, आणि गर्भाशयमुखावरचं ‘इरोजन’ही आहे. या शेवटच्याला हल्ली एक्ट्रोपिअन म्हणतात आणि ते पुष्कळदा नैसर्गिक असतं, आजार नसतो. जंतुसंसर्ग, पाळीची अनियमितता आणि इरोजन हे सगळं एका पिशवीत घालून बेरीज केली की ३.६ सारखी सरासरी येते. बाई एक आणि लेबलं चार. त्या काळच्या वैद्यकात हे मान्य होतं, त्यामुळे लेखकांना दोष देण्यात अर्थ नाही. पण आज तुम्ही ९२ टक्के उद्धृत करताना व्याख्या न सांगता केलंत, तर तो दोष तुमचा. तिसरी गोष्ट, दोन गावं. दोन गावांवरून ‘भारतातील ग्रामीण स्त्रिया’ म्हणता येत नाही. पेपरच्या नावात मात्र तेच आहे. संपादकांना मोठी नावं आवडतात, तेव्हाही आणि आत्ताही.

एवढं वजा करूनही पेपरचा गाभा शिल्लक राहतो: न सांगितलेलं दुखणं मोजता येतं, आणि ते प्रचंड आहे.

आता गोवा. इथे चित्र उलटं दिसतं. एका प्राथमिक आरोग्य केंद्राच्या परिसरातल्या १८ ते ४५ वयाच्या २,४९४ बायका. एकच तक्रार केंद्रस्थानी: पांढरं जाणं. आपल्याकडे बाई ‘अंगावरून पांढरं जातं’ म्हणते, तेव्हा ती सहसा नुसतं तेवढं म्हणत नाही. कंबर दुखते, गळून गेल्यासारखं होतं, अंगात ताकद राहिली नाही, हे बरोबर येतं. काही प्रमाणात पांढरा स्राव असणं आणि महिन्याभरात त्याचं प्रमाण बदलत राहणं हे शरीराचं नेहमीचं काम आहे. (घाण वास, खाज, रक्तमिश्रित स्राव, तापाबरोबर ओटीपोटात दुखणं, संबंधानंतर किंवा पाळी कायमची गेल्यावर रक्त जाणं, हे असेल तर मात्र अंगावर न काढता डॉक्टरांना दाखवायचंच. लेख संशोधनावर असला तरी वाचणारी कोणी असेल, म्हणून लिहिलं.)

गोव्याच्या पाहणीत १४.५ टक्के बायकांनी ही तक्रार सांगितली. प्रयोगशाळेत तपासल्यावर जननमार्गाचा कुठला ना कुठला संसर्ग २८.३ टक्क्यांना निघाला. त्यातले बहुतेक शरीरातल्याच जंतूंचा तोल बिघडून होणारे. लैंगिक संबंधातून पसरणारे संसर्ग फक्त ४.२ टक्के. आणि तक्रारीचं नातं कशाशी सर्वांत घट्ट निघालं? संसर्गाशी नाही. ते साधारणच निघालं. घट्ट नातं निघालं ते चिंता-नैराश्याच्या आणि इतर शारीरिक तक्रारींच्या गुणांशी.

इथून ते कुप्रसिद्ध वाक्य जन्माला येतं, ‘बायकांची ही तक्रार मानसिक असते’. पेपर असं म्हणत नाही. एक तर, संसर्गाशी नातं साधारण आहे म्हणजे नाही असं नव्हे. दुसरं, ही एका वेळची पाहणी आहे. पांढरं जातंय म्हणून बाई काळजीत पडली, की काळजीत असलेल्या बाईला ते जास्त जाणवू लागलं, हे अशा पाहणीतून कळत नाही. तिसरं, आणि हे मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं: एका प्रश्नावलीत थकवा, अंगदुखी, झोप विचारलीय, दुसऱ्या प्रश्नात पांढरं जाणं. दोन्हींची उत्तरं त्याच बाईच्या सांगण्याच्या तयारीवर अवलंबून आहेत. जी मोकळेपणी सांगते ती दोन्हीकडे ‘हो’ म्हणेल. जी अंगावर काढते ती दोन्हीकडे ‘नाही’. म्हणजे त्या घट्ट नात्यातला काही भाग आजारांमधला नसून सांगण्याच्या सवयीचा असू शकतो. प्रयोगशाळेतल्या नमुन्याला अशी सवय नसते. एक मोजमाप सांगण्यावर आणि दुसरं नमुन्यावर असेल तेव्हा नातं कमी दिसणारच. तुमच्या अभ्यासात दोन स्व-कथित गोष्टींचा सहसंबंध दणदणीत आला तर आनंद साजरा करण्याआधी हा विचार करा.

गोव्याच्या पेपरमधली मला आवडलेली गोष्ट म्हणजे त्यांनी बायकांनाच विचारलं, हे कशामुळे होतं असं तुम्हाला वाटतं? ताण आणि मनस्ताप, अंगातली उष्णता, आणि इन्फेक्शन, ही तीन कारणं वर आली, प्रत्येकी साधारण एक तृतीयांश बायकांनी सांगितलेली. जे संशोधकांनी गुणांकांच्या मदतीने शोधलं, ते पुष्कळ बायका आधीच सांगत होत्या. ‘जागरूकता कमी’ म्हणणाऱ्या साच्यात ताण आणि उष्णता या उत्तरांना शून्य गुण मिळाले असते, कारण उत्तरपत्रिकेत फक्त ‘इन्फेक्शन’ बरोबर आहे. मार्क निक्टर या मानववंशशास्त्रज्ञाने १९८१ मध्येच दक्षिण भारतातल्या कामावरून हे मांडलं होतं, की माणसं दुःख सांगायला जी भाषा वापरतात तीत शरीराच्या तक्रारीही येतात. ‘माझी घरात घुसमट होतेय’ हे नर्सबाईंना सांगता येत नाही. ‘अंगावरून पांढरं जातं’ हे सांगता येतं, आणि त्यावर निदान बसायला खुर्ची तरी मिळते.

तुम्ही म्हणाल, हा सगळा पद्धतीचा किस पाडून उपयोग काय? उपयोग औषधाच्या पाकिटापर्यंत जातो. प्रयोगशाळा नसेल तिथे तक्रारीवरून आणि दिसणाऱ्या खुणांवरून थेट उपचार करायचे, ही पद्धत १९९० च्या दशकात जागतिक आरोग्य संघटनेने पुढे आणली. आपल्याकडे त्यासाठी रंगांची किटं आहेत. योनिस्रावाच्या तक्रारीसाठी हिरवं. कल्पना व्यवहारी आहे. पण आकडे घालून बघा. १,००० बायका घ्या. गोव्याच्या जवळपासचे आकडे धरू: ४० जणींना लैंगिक संबंधातून आलेला संसर्ग, १४५ जणींची तक्रार. आता समजा, उदारपणे, संसर्ग असलेल्यांपैकी निम्म्या म्हणजे २० जणी तक्रार करतात. मग तक्रारीवरून या संसर्गाचं औषध दिलं तर १४५ जणींना औषध, त्यातल्या २० जणींना गरज होती, १२५ जणींना नव्हती. आणि उरलेल्या २० आजारी बायका किटपर्यंत पोचल्याच नाहीत. याला पुस्तकात पॉझिटिव्ह प्रेडिक्टिव्ह व्हॅल्यू म्हणतात. इथे ती १४ टक्क्यांच्या आसपास. आजाराचं प्रमाण कमी असलेल्या वस्तीत हे होतंच, चाचणी कितीही मनापासून केली तरी. बांगलादेशातल्या मतलब भागात सारा हॉक्स आणि सहकाऱ्यांनी हेच प्रत्यक्ष तपासलं. १९९९ च्या ‘लॅन्सेट’मध्ये ते आलं. खर्चाचा ३६ ते ८७ टक्के भाग संसर्ग नसलेल्या बायकांवर गेला असता, असा त्यांचा हिशोब होता. पैशाचं एक वेळ सोडा. ‘तुम्हाला गुप्तरोग आहे, नवऱ्यालाही गोळ्या द्या’ असं त्या १२५ जणींना सांगितल्यावर घरी काय होतं, त्याचा रकाना खर्चाच्या तक्त्यात नसतो.

गोळ्यांवर थांबलं तर एक वेळ ठीक. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा विषय गाजला आणि राज्य सरकारने समिती नेमली. पाहणी केलेल्या ८२ हजारांवर बायकांपैकी १३ हजारांहून जास्त जणींचं गर्भाशय काढलेलं होतं. पांढरं जाणं, पाळीचा त्रास, ओटीपोटात दुखणं या तक्रारी घेऊन बाई दवाखान्यात जाते. पिशवी खराब झालीय, पुढे कॅन्सर होईल असं ऐकते. आणि ऑपरेशन करून येते. आता या बाईच्या बाजूने बघा. नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल आधीच घेतलेली. एक दिवस काम चुकलं की खाडा. फडावर संडास नाही, पाणी नाही. पाळीचे चार दिवस आणि रोजचं पांढरं जाणं अंगावर काढत दहा वर्षं गेलेली. तिने तक्रार सांगितली, लक्षण ‘ओळखलं’, दवाखाना गाठला. जागरूकतेच्या मोजपट्टीवर तिला पैकीच्या पैकी गुण आहेत.

गडचिरोलीत तक्रार नाही आणि आजार आहे. गोव्यात तक्रार आहे आणि तो संसर्ग पुष्कळदा नाही. दोन्ही पेपर वाचून विद्यार्थी म्हणतात, म्हणजे बायकांचं सांगणं भरवशाचं नाही. मी अगदी उलट वाचते. सांगणं ही जंतू शोधायची चाचणी आहे असं आपणच ठरवलं, आणि ती चाचणी नापास झाली म्हणून सांगणाऱ्या बाईला नापास केलं. तक्रार ही स्वतंत्र गोष्ट आहे: तिच्यात शरीर असतं, घर असतं, आणि आपलं ऐकून घेतलं जाईल की नाही याचा अंदाजही असतो. अमर्त्य सेन यांनी या शेवटच्या भागाचं उदाहरण अनेकदा दिलंय. बंगालच्या दुष्काळानंतर १९४४ मध्ये कोलकात्याजवळ सिंगूरला झालेल्या एका पाहणीत आपली तब्येत बरी नाही असं ४८.५ टक्के विधुरांनी सांगितलं. विधवांपैकी फक्त २.५ टक्क्यांनी. विधवांची तब्येत वीसपट चांगली होती असं कोणी म्हणणार नाही. हेच सेन २००२ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये केरळ आणि बिहारबद्दल म्हणतात: जिथे लोक जास्त जगतात त्या केरळात आजार सांगणारे जास्त, बिहारमध्ये कमी. दवाखाना जवळ आला, शाळा झाली, की तक्रार करता येऊ लागते. तुमच्या अभ्यासात तक्रारी वाढल्या तर ती बातमी वाईटच असेल असं नाही.

मग प्रश्नावली लिहायची कशी? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात गेल्या बारा महिन्यांत दुर्गंधीयुक्त, असामान्य स्राव झाला का, अशा अर्थाचा प्रश्न असतो. एका प्रश्नात दोन अटी, आणि ‘असामान्य’ कोणी ठरवायचं ते बाईवर सोडलेलं. तुम्हाला देशभर सहा लाख घरांत जायचं नाहीये. साठ बायकांशी बोलायचंय, त्यामुळे तुम्हाला परवडतं ते करा. आधी विचारा, तुमच्याकडे कशाला दुखणं म्हणतात आणि कशाला ‘बायकांचं असतंच’ म्हणतात? त्यातून आलेले शब्द प्रश्नावलीत घ्या. ‘श्वेतप्रदर’ हा शब्द घेऊन वाड्यावस्त्यांवर जाऊ नका. मग तक्रार विचारा, आणि ‘नाही’ आलं तरी पुढचा प्रश्न ठेवा: गेल्या वर्षभरात असं काही झालं का, जे तुम्ही अंगावर काढलं? ‘हो’ आलं तर का काढलं, हे मोकळं लिहून घ्या, पर्याय देऊ नका. कोडिंगला वेळ जाईल. जाऊ द्या. आणि मुलाखत घेताना घरात आणखी कोण होतं, सासू दारात उभी होती का, हे दर फॉर्मवर नोंदवा; विश्लेषणात ते व्हेरिएबल म्हणून घ्या.

नीतिसमितीच्या फॉर्ममध्ये एक जागा असते, जिच्यात बहुतेकजण ‘धोका नाही’ लिहून मोकळे होतात. तक्रार विचारणं म्हणजे ती उघडणं. जिने दहा वर्षं कोणाला सांगितलं नाही तिने तुम्हाला सांगितलं, आणि तुम्ही ‘धन्यवाद ताई’ म्हणून पुढच्या घरी गेलात, असं चालत नाही. कुठल्या दवाखान्यात, कुठल्या वारी, कोणत्या बाई डॉक्टरकडे तिला पाठवता येईल, एसटी किती वाजता आहे, आशाताईंना आधी सांगून ठेवलंय का, हे सगळं पहिल्या मुलाखतीच्या आधी कागदावर असायला हवं.